सासूबाईंसाठी कमोड बदलायचाय, दुकानदार १९ इंची घ्या म्हणतोय, घेऊ का? (बडोदा)

रावपुऱ्याची_वहिनी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट कळायचं नाही म्हणून लिहितेय.

सासूबाई ७४ वर्षांच्या, उंची जेमतेम ४ फूट १० इंच. मागच्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला, डावी बाजू. बोलणं एकदम ठणठणीत, उलट आधीपेक्षा जास्तच बोलतात. उजव्या हातात चार पायांची काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, डाव्या पायात थोडी ताकद परत आलीये पण डाव्या हाताने अजून काहीच धरता येत नाही.

घर रावपुऱ्यात, जुनं, जाड विटा-चुन्याच्या भिंतींचं. संडास-बाथरूम एकत्र, ५ बाय साडेचार फूट असेल. कमोड आहे पण जुना, आणि मागे एकदा टाइल्सवरच टाइल्स ठोकून घेतल्या त्यामुळे तो अजून ठेंगणा झालाय, सीट धरून साडेचौदा इंच भरतो. बसताना धपकन बसतात आणि उठताना मला नाहीतर ह्यांना आत जावं लागतं, ते त्यांना बिलकुल पसंत नाही. "तुम्ही दोघं दाराबाहेर उभे राहा, मी बघते माझं" असं म्हणतात आणि मग आतून हाक येते.

परवा सॅनिटरीच्या दुकानात गेलो तर त्याने पुढून खाच असलेला एक कमोड दाखवला, १९ इंची, हॅंडीकॅप मॉडेल म्हणून. "बेन, ओगणीस इंच ज लई लो, बधा ए ज ले छे," म्हणजे एकोणीसच घ्या, सगळे तोच घेतात. सोबत तीन दांड्यांचा सेट. आता आमच्या कमोडच्या डाव्या हाताला भिंत आहे (म्हणजे बसल्यावर डाव्या), उजवीकडे मोकळी जागा, तिथे बादली आणि नळ. प्लंबर म्हणतो भिंत डावीकडे आहे तर दांडी डावीकडेच लागणार, दुसरीकडे हवेत लावू का. त्याचंही खरं आहे, पण डाव्या हाताने त्या धरणार कशा?

बजेट २५-३० हजार, थोडं इकडे तिकडे चालेल. गणपतीच्या आधी काम उरकायचंय, घरी बरेच पाहुणे असतात. कुणी असं काम करून घेतलंय का? १९ इंची घेऊ का?

फिजिओताई

वहिनी, १९ अजिबात नको. आईंची उंची वाचली आणि लगेच लिहायला बसले.

कमोडची उंची कॅटलॉगवरून नाही, पायावरून ठरते. आईंना सरळ पाठीच्या खुर्चीवर बसवा, घरात ज्या चपला घालतात त्या पायात असू देत, तळवे पूर्ण जमिनीला टेकलेले, आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. ४ फूट १० च्या बाईचं ते साधारण १४-१५ इंच येतं. त्याच्यावर दीड-दोन इंच चढवा, म्हणजे कंबर गुडघ्यापेक्षा किंचित वर राहते आणि उठायला सोपं जातं. त्यापेक्षा उंच केलं तर पाय लोंबतात. पाय लोंबले की जोर लावायला खाली जमीनच नाही, मांड्यांच्या मागे सीटची कड रुतते, मुंग्या येतात आणि ज्या डाव्या पायात आत्ता कुठे ताकद येतेय तो पाय उठताना कामालाच लागत नाही. आणि पोट साफ व्हायलासुद्धा पाय टेकलेले असावे लागतात, ते वेगळंच.

१७ ते १९ इंच हा आकडा मुळात अमेरिकेतल्या नियमातला आहे, व्हीलचेअरची सीट साधारण तेवढ्याच उंचीची असते त्यामुळे खुर्चीवरून कमोडवर सरकायला समपातळी मिळते. चालत जाऊन बसणाऱ्या ठेंगण्या आजींना त्याचा काय उपयोग?

घेण्याआधी घरीच बघा. लाकडी खुर्चीवर जाड पुठ्ठे नाहीतर जुन्या वह्यांची चळत घट्ट बांधून १६, साडेसोळा, १७ अशी उंची करून आईंना उठबस करायला सांगा, तुम्ही डाव्या बाजूला उभ्या राहा. संध्याकाळी करा, सकाळी नको, सकाळी ताजं असताना सगळंच जमतं. उठताना पाय मागे ओढून घ्यायचे, पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे, मग उठायचं. ज्या उंचीला झोकांडी न देता उठता येतं ती तुमची उंची.

दांडी उजवीकडेच. डावीकडच्या भिंतीवर लावलेली दांडी म्हणजे नुसती शोभा, उलट त्या उजवा हात आडवा नेऊन ती पकडायला बघतील आणि अंग पिळून डाव्या बाजूलाच पडतील.

मकरपुरा_काका

ताईंनी उंचीचं सांगितलं, मी भिंतीचं सांगतो, कारण गडबड तिथेच होते.

आधी एक गोष्ट. कॅटलॉगमध्ये कमोडची जी उंची छापतात ती पुष्कळदा भांड्याच्या काठापर्यंतची असते, सीट वेगळी. सीटचा पाऊण-एक इंच वर येतो. म्हणजे दुकानदाराचा १९ इंची घरी आणून २० भरला तरी नवल नाही. दुकानात स्वतःचा टेप घेऊन जा आणि सीटसकट मोजा. साधा कमोड १५-१६ इंची असतो, त्याच्यावर सीट धरून तुम्हाला हवे ते १७ च्या आसपास आरामात येतात, त्यासाठी हॅंडीकॅप मॉडेलचे जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही. आपल्याकडे थानगढ नि मोरबीच्या कारखान्यांचा माल इतका येतो की साध्या कमोडमध्ये उंची निवडून घेता येते.

मधला मार्ग म्हणजे आहे तोच कमोड उचलून खाली दोन इंचाचा ओटा करणं. स्वस्तात होतं, पण कडियाला (गवंड्याला) दम देऊन सांगा की ओटा कमोडच्या बुडाएवढाच पाहिजे, चारी बाजूला पसरलेला नको. पसरला की आईंचे पाय त्या ओट्यावरच टेकणार, म्हणजे उंची वाढवून काही उपयोग नाही, वर बोटं ठेचतील ती वेगळी. पण तुमची सीट-बीट जुनी असेल तर मी म्हणेन नवाच घ्या.

आता दांडी. तुमच्या केसमध्ये मागच्या भिंतीत बसणारी, वर उचलून ठेवता येणारी दांडी लागते, उजव्या हाताला. बाजारात फोल्डिंग ग्रॅब बार म्हणून मिळते. कमोडच्या मध्यापासून साधारण एक फूट उजवीकडे आणि सीटपासून वर ८ इंच, हा हिशोब धरून आधी पेन्सिलने खूण करा, आईंना बसवून बघा, कोपर कुठे येतं ते बघा, मगच ड्रिल. अशी दांडी भिंतीतून अडीच फूट बाहेर येते आणि टोकावर माणूस जोर देतो, म्हणजे भिंतीतल्या स्क्रूवर किती ओढ येत असेल विचार करा. म्हणून शक्यतो खाली जमिनीला टेकणारा पाय असलेली घ्या, थोडी महाग पडते पण सगळा भार भिंतीवर येत नाही.

आणि तुमची भिंत विटा-चुन्याची. तिच्यात प्लास्टिकचे गिट्टे (स्क्रू धरणारे प्लग) ठोकले तर पहिल्याच महिन्यात हलायला लागतील, चुना भुसभुशीत होतो आणि संडासात ओल असतेच. मागे बोळ असेल तर आरपार बोल्ट घाला, पलीकडून मोठी स्टीलची पट्टी आणि नट. आरपार जमत नसेल तर केमिकल अँकर (भोकात भरायचा, वाळून बोल्ट घट्ट धरणारा मसाला), जाळीच्या नळीसकट, आणि तेही विटेत, दोन विटांच्या सांध्यात नाही. टाइलमध्ये भोक पाडताना ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं, टाइल पार झाली की मग चालू. काम झाल्यावर तुम्ही दोघांनी मिळून लटकून बघा, प्लंबरसमोरच, पैसे द्यायच्या आधी.

टॉवेल रॉडला दांडी समजू नका आणि ते रबरी कपवाले, चिकटवायचे हॅंडल तर घरातच आणू नका, ओल्या टाइलवरून कधी सुटतील सांगता येत नाही.

खडूस_आजोबा

काय हो, सगळे एकदम तोडफोडीवर आलात. मी ७९ चा आहे, दोन्ही गुडघे बदललेले. आमच्याकडे एक वीटही हलवली नाही. सर्जिकलच्या दुकानातून कमोड चेअर आणली, खालचं भांडं काढून टाकलं आणि ती चौकट आहे त्या कमोडवर सरळ ठेवून दिली. पायांना भोकं असतात, पाहिजे तेवढी उंची करता येते, दोन्ही बाजूंना हात टेकायला जागा. अडीच-तीन हजारात काम. पाहुणे आले की उचलून बाजूला. ३० हजार काय झाडाला लागतात का.

फिजिओताई

आजोबा, तुमच्यासाठी ती बरोबर आहे कारण तुमचे दोन्ही हात चालतात, तुम्ही दोन्ही हातांवर सारखा जोर देऊन उठता. आई फक्त उजव्या हातावर जोर देणार. हलकी ॲल्युमिनियमची चौकट एका बाजूने दाबली की दुसरे दोन पाय उचलले जातात, आणि ती कलंडणार म्हणजे त्यांच्यासकट. कमोडवर नुसती ठेवायची प्लास्टिकची उंच सीट मिळते तिचंही तेच, क्लॅम्प नसलेली असेल तर बाजूला सरकते.

पण वहिनी, काम चालू असतानाच्या दिवसांत आणि रात्री पलंगाजवळ ठेवायला ही खुर्ची खरंच उपयोगी आहे. भाड्यानेही मिळते. फक्त जड, स्टीलची बघा, पायांचे रबरी बूट शाबूत आहेत ना ते बघा आणि ती भिंतीला टेकवून ठेवा.

चाकावरचा

मी स्वतः व्हीलचेअरवर, बरीच वर्षं, राहणार कारेलीबाग. वरच्या सगळ्यांनी बसण्या-उठण्याचं लिहिलं, धुण्याचं कुणीच नाही लिहिलं, लाजता का रे बाबांनो.

वहिनी, आईंचा एकच हात चालतो. आता त्या एका हाताची कामं मोजा. काठी टेकायची, दार लावायचं, गाऊन वर करायचा, दांडी धरून बसायचं, मग जेट (धुवायचा पाण्याचा फवारा) धरायचा, आणि धुवायचं कुठल्या हाताने? तोच हात. धुताना अंग एका बाजूला कलतं आणि नेमकं तेव्हा दांडी धरायला हात मोकळा नसतो. बसता-उठता माणूस सावध तरी असतो, धुताना नसतो.

म्हणून सीटमध्येच जेट असलेली सीट घ्या. विजेची नको, साधी पाण्याच्या दाबावर चालणारी, बाजूला फिरवायची खुंटी असते, बहुतेकांना ती उजव्या हाताला येते म्हणजे तुमचं नशीब चांगलं. अडीच-तीन हजारापासून मिळतात. घेताना कमोडचा आकार बघा, गोल की लांबट, नाहीतर सीट पुढे बाहेर येते. घरात बोअरचं पाणी असेल तर नोझलला पांढरे क्षार धरतात, अधूनमधून व्हिनेगर लावून पुसून घ्यायचं. आणि हातातला जेटही ठेवाच, पण उजवीकडे, दांडीच्या थोडा पुढे, मागे हात वळवून घ्यावा लागेल असा नको.

ती पुढची खाच. ती हात पुढून आत घालता यावा म्हणून असते, मदत करणाऱ्यालाही सोयीची पडते. पण तिच्यातून पाणी बाहेर उडतं आणि पुढची फरशी ओली होते, म्हणजे जिथे आई पाय टेकून उठणार नेमकी तीच जागा. शिवाय बारीक माणसाची मांडी त्या खाचेत घसरते. तुम्हाला ती नको.

सीट जाड आणि जड घ्या, खालून चार रबरी गुट्टे असतील तर उत्तम, बाजूला हलत नाही. हळू मिटणारं पातळ झाकण असतं त्याला पाठ टेकवली की ते तडकतं, एक तर ते काढून टाका नाहीतर पाठीला वेगळी टेक बसवून घ्या. फोमची मऊ सीट बिलकुल नको, शिवणीतून पाणी आत जातं आणि वास मारते.

सरकारी योजनेचं कुणी इतर वाचत असेल तर: राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, २०१७ पासूनची, ६० च्या वरच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिन्याला १५ हजारापर्यंत उत्पन्न असलेल्यांना अलिम्को या सरकारी कंपनीकडून साहित्य फुकट मिळतं. काठ्या, वॉकर, व्हीलचेअर असतात आणि कमोडवाली खुर्चीही यादीत आहे. कॅम्प लागतात तेव्हा चौकशी करायची.

घरनक्षा

आर्किटेक्ट आहे, आपल्या बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीचीच. केंद्राच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये सुगम्य (अपंगांना वापरता येईल अशा) टॉयलेटसाठी सीटची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर आणि दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर दिलीये. ते सार्वजनिक इमारतींसाठी, तिथे कोण येणार माहीत नसतं म्हणून सरसकट एक आकडा. तुमच्या घरी कोण बसणार ते माहितीये, त्यामुळे फिजिओताईंचाच आकडा धरा.

मला काळजी वाटते ती तुमच्या दाराची. तुम्ही लिहिलं नाहीये पण आत उघडतं ना? जुन्या घरात नव्वद टक्के आतच उघडतं. ५ बाय साडेचारमध्ये माणूस पडला की तो दाराला अडूनच पडतो आणि मग बाहेरून दार ढकलता येत नाही, तोडावं लागतं. बिजागऱ्या उलट्या बाजूला घेऊन बाहेर उघडणारं करा, बोळात जागा नसेल तर सरकतं. आतली कडी काढा, बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते अशी कडी मिळते ती लावा, म्हणजे आईंचा खाजगीपणाही राहील. बिनतारी घंटीचं बटण जमिनीपासून एक फुटावर चिकटवा. नेहमी लोक ते हाताच्या उंचीला लावतात, पण पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही.

उंबरा असेल तर किती आहे? ३ इंच असेल तर नियमाप्रमाणे १ ला १२ उतार म्हणजे ३ फूट लांब रॅम्प लागतो, बोळात तेवढी जागा कुठून येणार. त्यापेक्षा उंबराच फोडा आणि दारातच आडवी जाळीची मोरी करा, पाणी तिथेच पडेल.

आणि प्लीज सगळं पांढरं करू नका! पांढरी फरशी, पांढरा कमोड, पांढरी सीट, म्हाताऱ्या डोळ्यांना कमोड कुठे सुरू होतो ते दिसतच नाही. झटक्यानंतर काहींचं एका बाजूचं लक्षही कमी होतं. सीट गडद निळी किंवा काळी घ्या. फरशी खरखरीत, अँटी-स्किड, दुकानात ओली करून अंगठा घासून बघा. वरून पायपुसणी-बियपुसणी नको.

रावपुऱ्याची_वहिनी

किती किती लिहिलंत हो सगळ्यांनी! रात्री ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, सासूबाई पण ऐकत होत्या, चाकावरचा यांच्या हाताच्या हिशोबाला एकदम म्हणाल्या, "बघ, कुणाला तरी कळलं." मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्या धुताना डावं कोपर भिंतीला टेकवून बसतात, घसरू नये म्हणून. आम्हाला पत्ताच नव्हता, भिंतीवर तेवढ्या भागात टाइल चकचकीत का होती ते आत्ता कळलं.

मोजलं. चपलेसकट गुडघ्यामागे १५ इंच. खुर्चीवर वह्या बांधून बघितलं, १६ ला दोनदा अडकल्या, १७ ला छान उठल्या, १८ ला "माझे पाय कुठे गेले" म्हणाल्या. दार हो, आतच उघडतं, उंबरा अडीच इंच. मागे बोळ आहे, आरपार बोल्ट जमेल असं प्लंबर म्हणाला, जरा नाराजीनेच.

तर आता १६ इंची साधा कमोड अधिक जेटवाली काळी सीट (सीट धरून १७), उजवीकडे पायवाली फोल्डिंग दांडी, दार उलटं, उंबरा फोडायचा. डावीकडे काही लावू का कोपरासाठी? आणि कमोड घेताना प्लंबर विचारतो एस ट्रॅप की पी ट्रॅप आणि किती इंची, हे मी कसं सांगू?

फिजिओताई

डावीकडे हात टेकायला सपाट, रुंद, गादीवाली पट्टी लावा, दांडी नको. दांडीत निर्जीव हात मागून अडकून पिरगळतो, आणि झटक्यानंतर तो खांदा आधीच नाजूक असतो. पट्टी कोपराच्या उंचीला, त्यांना बसवून खूण करा. भिंत त्यांच्यापासून लांब असेल तर पट्टी तेवढी जाड घ्यायला लागेल.

मकरपुरा_काका

सोपं आहे. कमोडचा पाइप खाली फरशीत जात असेल तर एस, मागे भिंतीत जात असेल तर पी. एस असेल तर मागच्या भिंतीपासून फरशीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर लागतं, तेच ते इंची. जुना कमोड जागेवर असताना बाहेरून अंदाज येतो पण खात्री तो उचलल्यावरच, म्हणून आधी उचलू द्या, मोजा आणि मग दुकानात जा, नाहीतर कमोड भिंतीपासून सुटलेला बसतो आणि मागे फट राहते. टाइल्सच्या तोंडापासून मोजायचं. मागची भिंत परत टाइल करणार असाल तर नव्या टाइलची आणि मसाल्याची जाडी वजा करा, सगळी मिळून एखादा इंच जातो. फरशी पण बदलणार असाल तर जुन्या दोन्ही थरांच्या टाइल्स काढायला लावा, कमोडभोवती तिसरा थर चढवला तर तुमचे १७ चे परत १६ होतील.

कमोड बसवल्यावर खालचा मसाला वाळेपर्यंत किमान एक दिवस कुणी बसायचं नाही, कितीही घाई असली तरी. तेवढ्यापुरती आजोबांची खुर्ची भाड्याने आणून ठेवा.

खडूस_आजोबा

आली ना शेवटी माझ्याच खुर्चीवर पाळी. भाड्याने कशाला, माझी दुसरी एक पडून आहे, दांडिया बाजारातून येऊन घेऊन जा, निरोप टाका.